फेसमावशीचा सारखा वाटा

लिहिताना अजून हाताला वास येतोय. राखेने चोळले, लिंबाने चोळले, जात नाही. सकाळची प्रार्थना मी हात पाठीमागे धरून म्हटली. देवाने समजून घेतलं असेल.

हा वास फेसमावशीच्या कढईचा. मावशी एकटी, साठी उलटलेली, लोकांचे कपडे धुऊन धुऊन हातांची सालटी निघालेली. दुकानात साबण यायचा बंद झाला तेव्हा तिने आपल्या आईची रीत पुन्हा काढली. प्रत्येक घराने उरलेली चरबी आणि चुलीची राख द्यायची. तळाला भोक असलेल्या पिंपात राखेचे थर भरायचे, दोन घरांच्या थरांच्या मधे पेंढा. वरून पाणी ओतलं की खालून तिखट पाणी झिरपतं. ते चुलीवरच्या कढईत चरबीत घालून घट्ट होईपर्यंत ढवळत राहायचं. कुणी कमी देवो की जास्त, साबणाच्या वड्या सगळ्यांना सारख्या. बदल्यात घरटी थोडं धान्य, त्यावर मावशीचं पोट.

या खेपेला वडी धरलीच नाही. कढईत करडा, तारा सुटणारा, गिळगिळीत लगदा आणि वर तरंगणारं खवट तेल. ढवळायला शेजारची सून म्हणून मी होते. बाहेर जाऊन ओकून आले. आणि आधीचा साबण संपलेला, घरोघरी पोरांच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज.

बायका मावशीच्या दारात जमल्या.

"चरबी हिने घरात दडवली असणार," गिरणीवाली म्हणाली. "साबण नाही तर धान्यही नाही."

"म्हातारपणी हाव सुटते गं बाई," माझ्या जाऊबाई म्हणाल्या. प्रार्थनेला पहिल्या रांगेत बसतात त्या.

मावशी पिंपापाशी गेली. मला म्हणाली, "सूनबाई, पिंपाला हात लाव."

आम्ही पिंप फळीवर उपडं केलं. ओली राख तशीच उभी राहिली, पेंढ्याच्या रेघांनी घरं वेगवेगळी. निम्म्या थरांत राख नावाला आणि चाळलेली मातीच जास्त. भांडी घासायला चांगली राख घरी ठेवून घेतलेली. आमच्या घराच्या थरात तर विटेचा चुरा. आमची राख जाऊबाईंनीच पोचवली होती.

"चुलीत माती पडतेच की," त्या म्हणाल्या.

"पडते ना," मावशी म्हणाली. "चाळून पडत नाही."

मला वाटलं, एखादीची तरी मान खाली जाईल. कुठली जातेय. करून सवरून सगळ्या नामानिराळ्या. एक तर पदर नाकाला लावून म्हणाली, "शी, काय घाण वास."

"तुमचाच आहे," मावशी म्हणाली. "भांडी आणा. जे दिलंत तेच शिजलंय. वाटा नेहमीसारखा, सगळ्यांना सारखा. आधी धान्य पोत्यात, मग डाव भांड्यात."

भांडं न आणणं म्हणजे मातीचा थर आपला असं कबूल करणं. म्हणून झाडून सगळ्या आल्या. मुकाट्याने धान्य ओतलं, भांडी पुढे केली. मावशी डाव बुडवत होती, लगदा पचकन पडत होता.

गिरणीवालीने शेजारणीच्या पातेल्यात वाकून पाहिलं.

"तिला जास्त का?"

मावशीने आणखी एक डाव भरला आणि तिच्या भांड्यात काठोकाठ ओतला.

"घे माय," ती म्हणाली. "उपाशी राहू नको."

गिरणीवाली भांडं सांभाळत, एक थेंब न सांडता घरी गेली.