जळक्या माळावरचे नाकतोडे

वैदेहीच्या नवऱ्याचा, नितीनचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून शुगर लँडला घरी चालले होते. "वैदेही सकाळी गेली," एवढंच तो म्हणाला. हायवेवरून उतरायची माझी एक्झिट चुकली आणि मी कितीतरी मैल तशीच गाडी चालवत राहिले... सहा आठवडे झाले, तेव्हापासून एका जागी बसवतच नव्हतं.

पीएचडीच्या वर्षांत वैदेही आणि मी रूममेट्स. मी केमिकल इंजिनिअरिंगची, ती नाकतोड्यांची. दोन तासांवरचा एक गवताळ माळ वणव्यात जळून काळा पडला होता. तिथे ती दर मोसमात जायची, राखेत रांगून नाकतोडे मोजायची. आधी तपकिरी पुष्कळ होते, काळे मोजके. काही पिढ्यांत काळेच जास्त झाले. गवत परतलं तसे पुन्हा तपकिरी वाढू लागले. "म्हणजे ते रंग बदलतात," असं मी म्हटलं की ती वैतागायची. तिचे नाकतोडे बदलत नव्हते. काळ्या जमिनीवर तपकिरी पक्ष्यांना चटकन दिसायचे, खाल्ले जायचे. काळे उरायचे, आणि त्यांची पिल्लंही बहुतेक काळीच निघायची. बस्, इतकंच.

तिला कॅन्सर झाला तेव्हा सगळे तिला फाइटर म्हणू लागले. सगळ्यांत जास्त मी. दुसरी किमोही लागू पडली नाही, त्या आठवड्यात मी तिला कुणाचं तरी उदाहरण दिलं, मन खंबीर ठेवून बरी झालेलीचं. चहा गाळता गाळता तिचा हात थांबला.

"माधवी, उरलेल्या नाकतोड्याने काही पराक्रम केलेला नसतो यार. गेलेल्याचंही काही चुकलेलं नसतं. मी कमी पडले, असं कुणाला म्हणू देऊ नकोस."

मी बिस्किटांचा डबा शोधायला लागले... ते अजून टोचतं.

शोकसभेत एक काका गहिवरून म्हणाले की पोरगी शूरपणे लढली, पण शेवटी हरली. मी उभी राहिले. तिचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. नितीनने मान खाली घालूनच हलवली.

गेल्या रविवारी तो आणि मी त्या माळावर गेलो. तिच्या गाडीच्या डिकीत बागकामाचे गुडघ्याचे पॅड होते, मधोमध खोलगट दबलेले, शिवणीत राख. मी ते बांधले. मला ढिले होत होते. तसेच सावरत गवतात खाली बसले. ती गेल्यापासून पहिल्यांदाच, बराच वेळ.