आमचा डावा पाय आमगावला गेला

मी आमगावला मुलगी पाहायला निघाले आहे, असं माझ्या भावाला वाटत होतं. आमच्या गावच्या फुटबॉलवाल्यांना वाटत होतं, की मी ती सोयरीक मोडायला निघाले आहे. दोघांनाही मी ‘हो’ म्हटलं होतं. बैलगाडीत बसले तोवर माझं स्वतःचं काहीच ठरलेलं नव्हतं.

भाऊ सीताराम माझ्याहून लहान. नवरा गेल्यावर मी त्याच्याच घरी राहायला आले. आमचं गाव चोरखमाऱ्याच्या तलावाजवळ. सीतारामला तीन मुलगे आणि जमीन एकाच्या पोटापुरती. मधला हेमराज. त्याच्यासाठी आमगावच्या टिकाराम पटेलांकडून सांगून आलं होतं. पटेलांना एकुलती एक मुलगी, धानाची चांगली जमीन, आणि अट एवढीच की जावयाने घरी येऊन राहायचं. सीताराम खूश होता. पण हेमराज आमच्या टीमचा डावीकडचा फॉरवर्ड होता, आणि आमच्या भागातला नियम असा, की ज्या गावात चूल, त्या गावाकडून खेळ. हेमराज आमगावात जेवायला लागला की तो आमगावचा झाला.

आमच्या टीमबद्दल बोलायचा मला हक्क आहे, कारण मी तिचा एकही खेळ चुकवला नाही. धान निघालं की पोरं चार बांध्यांचे (धानाच्या शेतांचे) बांध फोडून मैदान करायची आणि मी तलावाच्या पाळीवर बसायची. गोलकीपर दयाराम. त्याला पिकल्या आंब्याखाली उभा केला तरी त्याच्या हातात एक आंबा पडायचा नाही. मागे खेळणारा बुधराम चेंडूवर नेम धरायचा आणि लाथ माणसाला मारायचा. मधे कप्तान गोपीचंद. चेंडू त्याच्या काकाने घेऊन दिलेला, म्हणून तो कप्तान. आणि डावीकडे हेमराज. रोवणीत (धानाच्या लावणीत) चिखलातून पाय जसा अलगद उचलतात, तसा तो दोघातिघांच्या मधून चेंडू काढायचा. आमच्याकडे खेळाडू तो एकच, बाकीची गर्दी. आधी एकदा तिरोड्याच्या टीमने आमचा एक पोट्टा (मुलगा) मिलमध्ये कामाला लावून नेला होता. तेव्हा गावाने फार आरडाओरड केली. मी केली नाही. चेंडू आला की तो डोळे मिटायचा. त्यात नुकसान झालं ते तिरोड्याचं. हेमराजचं तसं नव्हतं.

“आत्या, आमगाववाल्यायनं पोट्ट्याचे पाय पाहून पोट्टी पुढं केली,” गोपीचंद म्हणाला. “तुमी जा अन् मोडून या. मी येतो संगं.”

“तू कायले?”

“तुमी तिथं जेवून फिराल म्हणून.”

गाडी जुंपताना हेमराज बैलाच्या पाठीवर हात फिरवत उभा राहिला. त्याला बोलता येत नाही असं नाही, पण तो शब्द मोजून टाकतो. म्हणाला, “आत्या, मी तिले मंडईत (दिवाळीनंतरच्या जत्रेत) पाहिली आहे.”

“मंग?”

“मंग काही नाही. मोडू नोको.”

हे तिसरं ओझं घेऊन मी निघाले.

तिरोड्यापर्यंतचा रस्ता तेव्हा जंगलाच्या कडेकडेने जायचा. थंडीचे दिवस होते. तलावाच्या खालच्या अंगाला सारसांची जोडी चिखलात चरत होती. माणसाएवढे उंच पक्षी, चालणं मात्र नव्या नवरदेवासारखं. कापलेल्या बांध्यांत लाखोळी हिरवी झाली होती. ही डाळ आम्ही धान उभं असतानाच ओलीत फेकून पेरतो, नांगर लागत नाही. गोपीचंद वाटभर मला काय बोलायचं ते शिकवत होता. मुलगी काळी आहे म्हणा. घर लांब आहे म्हणा. मी म्हटलं, “मुलगी पाहिल्याशिवाय काळी कशी म्हणू?” तो म्हणाला, “मंग पाहूच नोका.”

तिरोड्याला पॅसेंजर मिळाली. डब्यात समोर रेल्वेत काम करणारा एक माणूस बसला होता, निळा कोट, तोंडात विडी. गोंदियात आलं की हिंदीच ऐकू येते, ती आम्हाला गाडीतच सुरू झाली. गोपीचंदच्या तोंडून फुटबॉल निघायला वेळ लागला नाही.

“गाँव में फुटबॉल?” तो माणूस हसला. “जूते पहनते हो?”

“नाही जी.”

“बिना जूते के खेलते हो? पैर नहीं टूटते?”

“समोरच्यायचे टुटतात,” मी म्हटलं. बुधराम डोळ्यापुढे होता.

तो एवढा हसला की विडी विझली. मग त्याने शेंगदाणे काढले आणि गोंदियापर्यंत आम्हाला त्यांच्या रेल्वेच्या टीमचा एकेक खेळाडू सांगितला. सगळे बूटवाले, सगळे थोर. मी विचारलं, “हरता कधी?” तो म्हणाला, “माताजी, वो अलग बात है.”

गोंदियाचं स्टेशन मोठं. चहूकडून रूळ येतात. मिलच्या चिमण्या दिसतात आणि हवेत कोंड्याचा वास असतो, तो नाकात बसला की भाताची भूक लागते. गाडी इथे बराच वेळ थांबते, असं गोपीचंदने मला छातीठोक सांगितलं आणि चेंडूचं नवीन ब्लॅडर आणायला तो बाजारात गेला. गाडी बराच वेळ थांबली हे खरं. गोपीचंदला त्याहून जास्त वेळ लागला. गाडी हलली तेव्हा तो फलाटावर धावताना दिसला. मी खिडकीतून ओरडले, “धाव रे!” तो धावला. पण आमचा कप्तान चेंडूमागे जसा पोचतो तसाच गाडीमागे पोचला, म्हणजे ती गेल्यावर. एका हातात ब्लॅडर उंच धरून तो लहान लहान होत गेला. मला वाईट वाटायला हवं होतं. मी आमगावपर्यंत हसत होते.

आमगाव स्टेशनवर टिकाराम पटेल स्वतः बैलगाडी घेऊन आले होते. उंच, वाळलेला माणूस, मिशा पांढऱ्या. घर साधं, पण कोठ्या धानाने भरलेल्या. आल्याबरोबर पाय धुवायला गरम पाणी, मग लाखोळीच्या डाळीचे वडे, उकडलेले शिंगाडे आणि जुन्या तांदळाचा भात. गोपीचंदची भीती खरी होती. मी पोटभर जेवले.

मुलगी वाढायला आली. नाव देवका. काळी नव्हती, गोरीही नव्हती. भात वाढताना एक शीत खाली सांडलं नाही, हे मी पाहिलं. मुलगी चांगली होती. म्हणजे आता मोडायचं तर खोटं बोलावं लागणार होतं, आणि ते मला जेवल्या ताटावर जमत नाही.

मग मी सरळच विचारलं. “पटेल, पोट्टा तुमाले कायले पाह्यजे? खेळासाठी न?”

“कोणता खेळ?”

“फुटबॉल.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांच्या बैलाला भजन येतं का म्हणून विचारलं. “कोण खेळते फुटबॉल?”

“हेमराज. आमचा पोट्टा. तुमच्या गावचे लोक त्याच्यासाठीच टपून आहेत म्हणतात.”

“मले कोणी नाही सांगितलं बाई. पोट्टा रोवणीत चांगला, बैल चांगले हाकते, एवढं ऐकलं म्हणून सांगून पाठवलं.” ते पाटावरून सरकून बसले. “माझ्या घरी हे चालणार नाही. पाय मोडून बसला तर माझे धान कोण पाहीन? लगन लागलं का चेंडू बंद. आधीच सांगून देतो.”

आमच्या गावाने जो डाव उघडा पाडायला मला पाठवलं होतं, तो डाव नव्हताच. आम्हीच आमच्या डाव्या पायाच्या मोलावरून तो मनात रचला होता.

आता मोडणं अगदी सोपं होतं. पोट्टा खेळ सोडणार नाही, एवढं खरं बोलले असते तरी पटेलांनीच नाही म्हटलं असतं. गोपीचंदने मला खांद्यावर घेऊन गावात मिरवलं असतं. पण हेमराज मुलीशिवाय राहिला असता, आणि पुढे जमीन नसलेल्या पोराला कोण देणार? मोडलं नाही तर त्याला मुलगी मिळणार, जमीन मिळणार, आणि तो बांधावर बसून दुसऱ्यांचा खेळ पाहणार. तो आमच्याकडून खेळला नाही तर मला राग आला असता. तो कुठेच खेळला नाही, हे मात्र मला सहन होणारं नव्हतं.

दाराआडून आवाज आला. “बाबा, आपल्या टीमचा डावीकडचा नुसता धावते. चेंडू मागंच राहून जाते.”

पटेल वळले. “तुले काय माहीत?”

“मैदान आपल्या खळ्यामागंच तर आहे जी.”

मी म्हटलं, “अन् तुमचा गोलकीपर कसा आहे वो?”

“हात चांगले आहेत त्याचे,” देवका दारात आली. “पण कोणी जोरात आलं का बाजूले होते.”

“आमचा आधीच बाजूले असते.”

ती हसली. पटेल एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत राहिले. आपल्या घरात हे काय वाढून ठेवलं आहे, असा त्यांचा चेहरा झाला होता.

तेवढ्यात मला सुचलं. आमच्याकडे लग्नात नवरदेवाच्या आत्याचा मान असतो. मुलीकडच्यांनी तिला विचारून लुगडं द्यायचं, आणि ती मागेल तसं द्यायचं. आत्या रुसली तर नवरदेव बोहल्यावर चढत नाही. मांडव खोळंबलेले मी पाहिले आहेत, एकदा मीच खोळंबवला होता, पण तो विषय वेगळा.

“पटेल,” मी म्हटलं, “सोयरीक मले पसंत आहे. आता आत्याचा मान बोला.”

ते सावरून बसले. हा भाग त्यांना समजत होता. “मागा न बाई. नागपुरी लुगडं देतो, जरीच्या काठाचं.”

“लुगडं नाही पाह्यजे. पोट्टा खेळणार.”

“हा कोणता मान?”

“माझा.”

“बाई, लुगड्यावर पोलकं पण देतो.”

“पोलकं तुमच्या बैलाले शिवा.”

देवकाने तोंडात पदर कोंबला. पटेल उठले, अंगणात गेले, बैलांना उगाच वैरण टाकली, परत आले. मान नाकारला असं सोयऱ्यांत सांगायची कोणाची छाती होत नाही. शेवटी म्हणाले, “खेळू द्या. पण रोवणी नाही चुकली पाह्यजे. धान घरी आल्यावरच.”

“धान निघाल्यावरच मैदान होते जी. उभ्या धानात कोण खेळते?”

हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आपण काहीतरी कबूल करून घेतलं, या समाधानात ते जेवायला बसले.

गोपीचंद दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आला, ब्लॅडर गळ्यात बांधून. परतीच्या वाटेवर मी त्याला सगळं सांगितलं. गंगाझरी स्टेशन आलं तेव्हा त्याने गळ्यातलं ब्लॅडर सोडून पिशवीत टाकलं.

“तुमाले मोडाले पाठवलं होतं, आत्या. तुमी तर पोट्टा बांधून देऊन आल्या. वरून त्यानं आपल्यावर गोल मारावा अशी सोय करून आल्या.”

“हाव,” मी मान डोलावली.

“काऊन (कशाला) पण?”

“तू गाडी पकडली असती तर तू बोलला असता.”

तिरोडा आलं तेव्हा तो खाली उतरता उतरता थांबला. “त्यायच्या गोलकीपरचं लगन झालं का?”

“दोन लेकरं आहेत.”

त्याने सुस्कारा सोडला आणि माझी पिशवी घेतली. आमच्या गावात तेव्हा लग्नाच्या चार मुली होत्या. तिरोड्याच्या बाजारात त्याने त्यांतल्या तिघींसाठी आजूबाजूच्या गावांचे खेळाडू घरजावई म्हणून शोधून काढले. चौथी त्याची बहीण होती.

गावात पोचल्यावर सीतारामने मला गूळपाणी दिलं आणि टीमने माझ्याशी बोलणं टाकलं. दयाराम तर रस्ता बदलून जायचा. बदलताना तरी तो चपळ दिसला.

लग्न झालं. मला लुगडं मिळालं नाही आणि जावांनी, नणंदांनी त्यावरून वर्षभर टोमणे मारले. घरजावई झाला म्हणून हेमराजलाही लोक बोलले. लोकांना बोलायला लागतंच. पुढच्या थंडीत आमगावची टीम आमच्या तलावाखाली खेळायला आली. देवका तिरोड्याहून बैलगाडीतून आली आणि पाळीवर माझ्या शेजारी येऊन बसली. हेमराज तिकडच्यांत डावीकडे उभा. खेळ सुरू झाला आणि त्याने बुधरामची लाथ चुकवून, गोपीचंदला मागे टाकून, दयारामच्या दोन पायांमधून चेंडू घातला. सगळं गाव गप्प झालं. त्या शांततेत मी एकटी उभी राहून ओरडत होते.

अजूनही कोणी विचारतं, की तुम्ही तेव्हा कोणाकडून होता? मी सांगते, चेंडू हेमराजच्या पायात होता तोवर हेमराजकडून. सुटला की आपल्या गावाकडून. त्या दिवशी तो सुटत नव्हता, त्याला मी काय करू?