उसाची पात

निरगुडसरला आमच्याकडं कुणाच्या हातावर ओरखडे दिसले की उत्तर तयार असतं, उसाची पात लागली. उसात शिरलेल्याच्या हातावर चरे उठतातच, त्यामुळं पुढं कुणी विचारत नाही. माझ्या डाव्या हातावरचे चरे मीच केलेले, पण आईनं तेही उसाच्याच नावावर खपवले.

माझं कसं व्हायचं, सांगते. नवऱ्यानं फोन उचलायला उशीर केला की वाटायचं, संपलं, सोडलं यानं मला. मग मी घर डोक्यावर घ्यायची, नको नको ते बोलायची आणि तासाभरात त्याच्याच पाया पडायची. शेवटी त्यानं मला माहेरी आणून सोडलंच. आई म्हणायची, "थेरं हायती." चुलती म्हणायची, बाहेरचं लागलंय. आळेफाट्याच्या डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या दिल्या. आजाराला नाव द्यायची अक्कल एकालाही झाली नाही, मला नावं ठेवायला मात्र सगळे पुढं!

धाकट्या बहिणीनं पुण्यातल्या एक मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई शोधल्या. आमच्याकडं दवाखान्यात आजाऱ्यानं गप बसायचं आणि बरोबर आलेल्या मोठ्या माणसानं बोलायचं, अशी रीत. त्यामुळं आईच बोलत होती. "झोपत नाय, जेवत नाय, लई तापट हाय. हात व्हय? उसाची पात लागली, बाई."

"आत्ता शेतात ऊस आहे?" बाईंनी विचारलं.

"न्हाई, त्यो कवाच गेला कारखान्याला. आता कांदा हाय," आई बोलून गेली.

बाईंनी तिला बाहेर बसायला सांगितलं. मग मला विचारलं, जवळचं माणूस सोडून जाईल याची फार भीती वाटते का? आज देव वाटलेला माणूस उद्या वैरी वाटतो का? आतून सारखं रिकामं रिकामं वाटतं का? अगं बाई, ही आमच्या घरात राहून गेली की काय! मी ढसाढसा रडले.

पुन्हा दोन-तीनदा बोलावून, लहानपणापासूनचं सगळं खोदून विचारून मग त्यांनी सांगितलं, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. "ही नाटकं नाहीत, आजार आहे. बोलण्याच्या उपचारानं पुष्कळ फरक पडतो. पण दर आठवड्याला यायचं, आणि हाताबद्दल खोटं बोलणं बंद." मला हायसं वाटलं आणि संतापही आला. इतकी वर्षं माझी थेरं म्हणून गेली, ती कोण भरून देणार?

मी जायला लागले. हातावर नवा चरा उठेना. आई गावात सांगायची, पाठ दुखती तिची, म्हणून जाती.

मग ओझरचे पाहुणे बहिणीला बघायला आले. नेमका माझा पुण्याचा दिवस. आई म्हणाली, "आज नको जाऊ, पावणं इचारत्याल थोरली कुठंय." मी चहा द्यायला गेले, तर मुलाच्या आईनं माझं मनगट धरलं. "हाताला काय झालं गं?"

आईचा चेहरा पांढरा पडला. खरं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. समोर खुर्चीवर बहीण बसली होती, मला पुण्याला नेणारी तीच. तिनं माझ्याकडं बघून मान हलवली, नको म्हणून. सगळ्या घरात माझं असं एकच माणूस, आणि तेही हातचं गेलं तर?

"उसाची पात लागली," मी म्हणाले.

"लागतीच ती," म्हणून त्यांनी बशी उचलली.

लग्न ठरलं. पाहुण्यांची गाडी निघून गेल्यावर आईनं माझ्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. असली माया तिनं मला कधी दाखवली नव्हती.

"बरी झाली गं माझी लेक," ती म्हणाली. "कशी शान्यासारखी बोललीस! आता कशाला जायाचं पुण्याला?"

आणि तिला ते अगदी मनापासून वाटत होतं.