तो मेसेज पुसायच्या आत

बहिणीची मुलगी कॉलेजसाठी सावर्ड्याहून माझ्याकडे राहायला आली, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. एका रविवारी ती भरलं ताट तसंच सोडून उठली. मागोमाग गेले, तर न्हाणीघरात नळ सोडून रडत होती.

वर्गातल्या एका मुलाशी असलेली मैत्री तिने तोडली होती. तेव्हापासून तो तिचा चेहरा लावून बनवलेले घाणेरडे फोटो तिलाच पाठवत होता. भेटायला ये, नाहीतर हे तुझ्या बाबांना जातील, म्हणत होता.

"दाखव बघू."

"काही उरतच नाही, मावशी. मी वाचलं की तो लगेच पुसून टाकतो."

तिच्या जुन्या फोनमध्ये जागा नव्हती. त्याच फोनवर स्क्रीनचं रेकॉर्डिंग लावलं की अर्ध्या मिनिटात बंद पडायचं. म्हणून फोन केबलने माझ्या लॅपटॉपला जोडायचा, फोनची स्क्रीन तिथे आणायची आणि तिथेच रेकॉर्ड करायची, असं ठरवलं. शाळेत मी हे नेहमी करते. पण त्या दिवशी परवानगी विचारणाऱ्या चौकटीवर घाईत दोनदा चुकून 'नको' दाबलं.

तो रोज दुपारी तीनच्या सुमारास लिहायचा. पावणेतीनपासून आम्ही बसून होतो. फोन काळा पडू नये म्हणून ती मधूनमधून बोट लावत होती. मी लॅपटॉपच्या कोपऱ्यातला, रेकॉर्डिंग चालू असल्याचा लाल ठिपका पुन्हा पुन्हा बघत होते. केबल निसटली तर? आज त्याने लिहिलंच नाही तर? आणि लिहिलं, तर ते तिला परत वाचायला लावणारी मीच.

टुण्‌ वाजलं. दोघी दचकलो. तिच्या आईचा मेसेज होता. 'जेवलीस का? दोन दिवस आवाज नाही तुझा.'

तीन वाजून दहा मिनिटांनी त्याचा मेसेज आला. आधी फोटो, मग ओळी. 'उद्या पाचला भाट्याच्या पुलावर ये. एकटी.' तिने लिहिलं, 'मला त्रास देऊ नकोस.' उत्तर आलं, 'बाबांचा नंबर आहे माझ्याकडे.' मग एकेक ओळ आमच्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली.

मी रेकॉर्डिंग थांबवलं. फाइल जतन होईपर्यंत गोल चकती फिरत राहिली. उघडून पाहिली. सगळं होतं. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती.

तिचे बाबा मुंबईला नोकरीला. त्यांना मीच फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात उभे. सगळं ऐकून घेतलं आणि तिला म्हणाले, "आले असते मला ते फोटो, तर मी तुझ्यावर संशय घेतला असता, असं वाटलं तुला?" तिने त्यांचा हात धरून ठेवला.

पोलीस ठाण्यातल्या बाईंनी रेकॉर्डिंग दोनदा पाहिलं आणि फोन, लॅपटॉप दोन्ही ठेवून घेतले. त्या मुलाचा फोन जप्त झाला, त्यात सगळे फोटो सापडले. केस अजून चालू आहे.

गेल्या महिन्यात तिला पुन्हा जबाबाला बोलावलं. गेटाशी पोचल्यावर म्हणाली, "तू रिक्षातच बस. मी जाऊन येते." अर्ध्या तासाने बाहेर आली. तो अर्धा तास मी कसा काढला, ते माझं मला माहीत.