उस्तादांची मूळव्याध

उस्ताद म्हणजे बसचे ड्रायव्हर, राग कायम नाकावर. पण घंटीचं ऐकणारा असा माणूस पुन्हा झाला नाही, असं त्यांचा कंडक्टर आजही सांगतो. दोरी एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं, मध्ये अक्षर बोलायचं नाही. काय दिवस होते ते! दोघांचा डबा एक, भांडणं रोजची, आणि बायका म्हणायच्या, यांचंच एकमेकांशी लग्न लावून द्यायला हवं होतं.

मग फेरी संपली रे संपली की उस्ताद संडासाकडे धावायला लागले. कधी जुलाब, तर कधी दोन-दोन दिवस काहीच नाही. महिना उलटला. पँट पट्ट्यानं आवळावी लागायला लागली. एकदा बाहेर येऊन कंडक्टरला हळूच म्हणाले, "रक्त पडतंय रे."

"डॉक्टरकडे चला."

"हॅट! बसून बसून इथं कुणाला मूळव्याध नाही, ते दाखव मला."

तेही खरंच. डेपोत मूळव्याध म्हणजे खाकी कपड्यांसारखी, ड्रायव्हर झाला की मिळायचीच. कुठलं मलम चांगलं यावर चहा रंगायचे, विनोद व्हायचे, डॉक्टरचं नाव कुणी काढायचं नाही. कंडक्टरच्या मात्र जिवाला घोर लागला. हा माणूस गेला तर आपण भांडायचं कुणाशी?

एका दुपारी रिकामी गाडी डेपोकडे परतत होती. इस्पितळासमोर कंडक्टरनं दोरी ओढली, एकदाच. गाडी थांबली. उस्तादांनी मागं वळून पाहिलं, तर गाडीत चिटपाखरू नाही.

"कोण उतरतंय?"

"तुम्ही."

पुढं जे ऐकावं लागलं ते छापण्यासारखं नाही. पण पुन्हा घंटी झाल्याशिवाय उस्ताद गाडी हलवतील थोडेच! कंडक्टर हाताची घडी घालून बसून राहिला. शेवटी उस्ताद चडफडत उतरले.

डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारून घेतलं. "मूळव्याध असेलही," त्या म्हणाल्या. "पण तपासल्याशिवाय मलासुद्धा कळत नाही, तुम्हाला कसं कळलं? रक्त दिसलं, वजन उतरायला लागलं, पोटाची सवय बदलून तीन आठवडे झाले, यातलं काहीही असलं तरी यायचं. अंगावर काढायचं नाही."

दुर्बिणीनं तपासणी झाली. आतड्यात गाठ निघाली, कॅन्सरची. उस्तादांची पाचावर धारण बसली. पण गाठ पसरली नव्हती. ऑपरेशन झालं आणि उस्ताद वाचले.

स्टिअरिंग मात्र सुटलं. त्यांना डेपोच्या फाटकावर काम दिलं आणि कंडक्टरला नवा ड्रायव्हर मिळाला, गुणी आणि अबोल. ज्या जोडीसाठी एवढा आटापिटा केला, ती फुटली ती फुटलीच. पहिल्या दिवशी रिकाम्या गाडीत कंडक्टरला चक्क रडू आलं. संध्याकाळी गाडी आत शिरली, तर उस्ताद फाटकातून धावत आले आणि नव्या ड्रायव्हरला झापायला लागले, "अरे, गाडी लावतोयस की म्हैस बांधतोयस?" कंडक्टर मुद्दाम सावकाश उतरला, त्यांचं बोलून होईपर्यंत.