बंद खोलीतली जाळी

पाचूबंदरच्या कोळीवाड्यातलं आमचं घर दोन खोल्यांचं. पावसाळ्यात मोठी भरती आली की पाणी उंबरा ओलांडून आत यायचं. आय आधी तांदळाचा डबा खाटेवर ठेवायची, मग माझी पुस्तकं, मग मला. त्याच खाटेवर बसून मी बारावी केली, बी.कॉम. केलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. नोकरी लागल्यावर मी नायगावला सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि आय-बाबांना सांगितलं, आता पुन्हा ओलीत झोपायचं नाही.

त्याच फ्लॅटमध्ये ओलीने माझ्या वडिलांची फुप्फुसं खाल्ली.

"हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस," छातीच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. समोर बाबांच्या एचआरसीटीचे फोटो होते. एचआरसीटी म्हणजे फुप्फुसांचे पातळ काप दाखवणारा स्कॅन. मॅडमनी कागदावर ते लांबलचक नाव लिहिलं आणि सोपं करून सांगितलं. "श्वासातून काहीतरी बारीक आत जातंय आणि शरीर त्याच्याशी भांडतंय. भांडण फुप्फुसात होतं, म्हणून मारही फुप्फुसालाच बसतो. बरेच दिवस चाललं की तिथे वण पडतात. त्याला फायब्रोसिस म्हणतात. वण पडलेला भाग पुन्हा श्वास घेत नाही."

"म्हणजे कायमचा गेला?"

"तो गेला. उरलेला वाचवायचा आहे. पण आत काय जातंय ते शोधावं लागेल. बुरशी, कबुतरं, कोंबड्या, धान्याची धूळ. यातलं घरात काय आहे?"

"काहीच नाही," मी म्हणाले. "नवा फ्लॅट आहे. बेडरूमला एसी आहे."

बाबा शेजारी बसून होते. त्यांनीही मान हलवली. काहीच नाही.

सुरुवात साध्या खोकल्याने झाली होती. फ्लॅटमध्ये आल्यानंतरचा तो पहिला पावसाळा. संध्याकाळी बाबांचं अंग तापायचं, हाडं दुखायची, सकाळी बरं वाटायचं. माणिकपूरच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. मग टीबीचा संशय आला. तीन वेळा थुंकी तपासली, टीबी निघाला नाही. मग दम्याचा पंप सुरू झाला. प्रत्येक ठिकाणी बाक तेच, वरचा टीव्ही तोच, आणि बाबा भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसलेले.

एकदा लिफ्ट बंद होती. बाबा जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर पायरीवरच बसले. ज्या माणसाने भर समुद्रात हाताने नांगर ओढला, त्याला भाजीची पिशवी जड झाली होती. आय वरून ओरडली, "काय हो, तिकडेच बिऱ्हाड करताय काय?" बाबांनी नुसता हात वर केला. आय मुकाट्याने खाली उतरली आणि त्यांच्या शेजारी बसली. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. आमच्या घरात आय गप्प बसत नाही.

निदानानंतर बाबांना भरती केलं. बोटाला लावायच्या चिमट्यात सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, फार कमी दिसत होता. स्टेरॉईड सुरू झालं, नाकात ऑक्सिजनची नळी आली. आठवडाभरात बाबा उठून वॉर्डात फिरायला लागले, नर्सला मासळीचे भाव सांगायला लागले. आम्ही खुशीत घरी आणलं.

घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी ताप आणि धाप. पुन्हा भरती केलं, पुन्हा बरे झाले. पुन्हा घरी आले, पुन्हा तेच.

मॅडमनी फाइल मिटली. "हॉस्पिटलमध्ये बरे होतात, घरी गेले की बिघडतात. औषध चुकत नाहीये, घर चुकतंय. मला खोलीचे फोटो दाखवा. सगळ्या कोपऱ्यांचे."

मी फोनवर फोटो दाखवले. त्यांनी एक फोटो बोटांनी मोठा केला. "हे निळं काय आहे कपाटाखाली?"

"जाळी," मी म्हणाले.

"मच्छीची? बाबा, तुम्ही तर काम सोडलंय म्हणालात."

"सोडलंय," बाबा म्हणाले. "हे काय काम हाय? बसून शिवतो."

इथे आमच्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात आणि बायका-पुरुष फाटकी जाळी शिवत बसतात. समुद्रावर जाणं हे काम. जाळं शिवणं म्हणजे नुसतं बसणं, गप्पा मारणं, चहा पिणं. म्हणून इतक्या डॉक्टरांनी "काम काय करता" विचारलं आणि बाबांनी प्रत्येकाला खरं तेच सांगितलं, काही नाही. मलाही ते सांगावंसं वाटलं नाही. जन्मापासून पाहिलेली गोष्ट माणूस सांगत नाही.

होडी आता माझा चुलतभाऊ चालवतो. त्याची जाळी बाबा फ्लॅटवर मागवून घ्यायचे. आधी पॅसेजमध्ये बसायचे. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काका, वास येतो हो, आमच्याकडे पूजा असते." मग बाबा बेडरूममध्ये गेले. काकूंना त्रास नको म्हणून दार बंद, खिडकी बंद, आणि घाम येतो म्हणून एसी अठरावर. आयने तेव्हाच टोमणा मारला होता, "एसीत बसून जाळं शिवनारा पहिला कोळी! आता मासलीला पन ब्लँकेट द्या." आम्ही पोट धरून हसलो होतो.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी जे समजावलं ते मी इथे लिहिते, कारण नायगावपासून विरारपर्यंत अशा बंद खोल्या खूप आहेत.

वापरलेल्या जाळ्यात मीठ मुरलेलं असतं. मीठ हवेतली ओल ओढतं. बरणीतलं मीठ पावसाळ्यात पाघळतं हे कोणाला सांगायला नको, पण जाळ्याच्या ढिगाकडे आम्ही तसं कधी बघितलं नाही. पाचूबंदरला दोन्ही बाजूंनी वारा यायचा, ओल टिकायची नाही. इथे वाऱ्याला वाटच नव्हती. त्यात मी ऐटीत दीड टनाचा एसी बसवलेला. लहान खोलीत मोठा एसी हवा चटकन गार करतो आणि कॉम्प्रेसर थांबतो. खोली गार होते, पण ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही. गार भिंतीला ओली हवा लागली की भिंतीला घाम फुटतो. कपाटामागे तो घाम सुकत नाही. तिथे बुरशी धरते.

काळे ठिपके आम्हाला दिसले होते, खोटं कशाला सांगू. आयने ओल्या फडक्याने पुसले. मग कोणाकडून तरी रूम हीटर आणून लावला. बंद खोलीत हीटरने जाळी वाळली खरी, पण त्यातली ओल हवेत गेली आणि एसी लावल्यावर पुन्हा भिंतीवर बसली. शेवटी मी लाकडासारखं दिसणारं प्लास्टिकचं पॅनेल मारून घेतलं. खोली फोटोत छान दिसायला लागली, आणि ठिपके आम्ही विसरून गेलो.

पॅनेल काढलं तेव्हा मागे काळं-हिरवं मखमलीसारखं पसरलेलं होतं. एसी उघडला तर आतला पंखा चिकट काळा, आणि पाणी जायचा पाइप मध्येच उंच झाल्याने ट्रेमध्ये पाणी साचलेलं. तोच पंखा रोज बाबांच्या तोंडावर वारा मारत होता.

भिंत आणि एसी सुधारणं सोपं होतं. बाबांचं अवघड होतं. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, जाळी घरात नको आणि जुन्या जाळ्याला हातही नको.

"जाळं नाय तर मी करू काय?" बाबा म्हणाले. "टीव्ही बघू? मरेपर्यंत बातम्या ऐकू?"

"मरेपर्यंत ऐका ना," आय म्हणाली. "पन जरा उशिरा मरा."

ती हसली नाही, बाबाही हसले नाहीत. आयने जाळी गोळा करायला घेतली. मी मदतीला गेले तर म्हणाली, "तू ऱ्हा बाजूला. तुला गाठ मारता येत नाय, सोडता काय येनार?" बाबांनी अर्धं शिवलेलं जाळं मांडीवर धरून ठेवलं होतं. सुई त्याच्यातच होती. आय त्यांच्यासमोर हात पुढे करून उभी राहिली. बाबांनी दाताने दोरा तोडला, सुई काढून घेतली आणि जाळं तिच्या हातात दिलं. मग भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यांचे खांदे हलत होते. मी खूप वेळ ठरवत होते की ती धाप आहे का दुसरं काही.

पुढचं काम माहितीसाठी लिहिते. भिंतीचा गिलावा खरवडला, भिंतीला बाहेरून एक भेग सापडली ती बुजवली, नवा गिलावा पूर्ण सुकल्यावरच रंग लावला. तोवर बाबा आत्याकडे राहिले. बुरशी खरवडताना आजारी माणूस घरात नसावा, मास्क लावावा. कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. एसी सगळा खोलून धुतला, पाइपला उतार दिला. आता पावसाळ्यात एसी ड्राय मोडवर चालतो, म्हणजे गारव्यापेक्षा ओल काढायचं काम करतो. तापमान सव्वीस. बंद करायच्या आधी थोडा वेळ नुसता पंखा चालवतो, म्हणजे आतला भाग सुकतो. जाळी दर पंधरा दिवसांनी धुतो... एसीची जाळी. हे वाक्य बोलले की घरात क्षणभर सगळे थांबतात. भिंतीवर हवेतली ओल मोजायचं छोटं यंत्र आहे. आकडा साठ टक्क्यांच्या वर गेला की आय कोणाला तरी शिव्या घालते.

तुमच्या घरात कोणाचा खोकला बाहेरगावी थांबत असेल आणि घरी आल्यावर सुरू होत असेल, तर डॉक्टरांना तेवढं जरूर सांगा. आणि तुम्ही ज्याला काम म्हणत नाही, तेही सांगा.

मॅडमचे मी आभार मानते. त्यांनी फोटो मागितले नसते तर आम्ही औषधं बदलत राहिलो असतो.

बाबा पुन्हा समुद्रावर गेले नाहीत. रविवारी मी त्यांना पाचूबंदरला नेते. चुलतभाऊ आणि बाकीचे जाळी शिवत बसलेले असतात. बाबा वाऱ्याच्या बाजूने, लांब खुर्ची टाकून बसतात आणि तिथून चुका काढतात. सुई त्यांच्या खिशात असते. ती काढून घ्यायचं मला अजून सुचलेलं नाही, आणि सुचणारही नाही.

मागच्या स्कॅनमध्ये नवे वण नाहीत. जुने आहेत तसेच आहेत. जिना ते आता चढत नाहीत, पण रात्री ऑक्सिजनशिवाय झोपतात.

जेवढं फुप्फुस उरलं होतं, तेवढं वाचलं.