बारवेत उतरणारे मामू

मामूंचा धंदा फोटो काढायचा, पण माणसाचा चेहरा काही केल्या त्यांच्या लक्षात राहत नसे. कळंबच्या बाजारात आमच्या कापडदुकानाला लागूनच त्यांचा स्टुडिओ होता, त्यामुळे हा तमाशा मला रोज फुकट बघायला मिळायचा. एकाच्या लग्नाचा फोटो दुसऱ्याच्या हातात ठेवून वर ते सांगायचे, "घ्या, लई नामी आलाय." गिऱ्हाईक बिचारं परक्या नवरीकडे बघत उभं. उलट बारवेच्या पाण्याखालच्या पायरीवर बसणारी गोगलगाय त्यांना शंखावरच्या चिरेवरून ओळखू यायची. "परवा खालच्या पायरीवर होती, आज वर सरकलीय," असं सांगताना त्यांच्या आवाजात शेजारच्या पोरीचं लग्न ठरल्यासारखा आनंद असे.

उंच, काटक अंग, मेंदी लावलेली दाढी आणि सदऱ्याच्या खिशात कायम एक भिंग. हैदराबादला एका फोटोग्राफरच्या हाताखाली राहून ते शिकले आणि निजामाचं राज्य गेल्यावर गावी परतले. सगळा बाजार त्यांना मामूच म्हणे. येताना त्यांनी कुठलंसं जुनं मासिक आणलं होतं. त्यात समुद्राच्या पोटात बुडी मारून काढलेले बारक्या बारक्या जीवांचे फोटो होते. ते पाहिल्यापासून मामूंच्या डोक्यात पाणी शिरलं ते शिरलंच. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. मी तसं बोलून दाखवलं की म्हणायचे, "समुंदर दूर हाय तर असू दे, अप्पा. आपली बारव काय कमी हाय?"

ही बारव कळंबपासून सायकलवर जाता येईल अशा एका खेड्याच्या कडेला होती. चारी बाजूंनी काळ्या दगडाच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. बाया त्याच पायऱ्यांनी उतरून, घोटाभर पाण्यात उभ्या राहून घागरी भरायच्या. दुपारी वर्दळ ओसरली की मामूंची स्वारी तिथे हजर. रॉकेलच्या डब्याला एका बाजूने काच बसवलेली, सांधे डांबराने बुजवलेले, झाकणाला सायकलच्या ट्यूबचं रबर, आत कॅमेरा आणि त्यापुढे चष्म्याचं जाड भिंग. पाण्याखाली कॅमेऱ्यातून काही बघता येत नसे. म्हणून काचेपुढे छत्रीच्या काड्यांची एक लहानशी चौकट बांधलेली होती. जीव त्या चौकटीत आला की डब्याबाहेर नळीने काढलेला रबरी फुगा दाबायचा, आत कॅमेऱ्याचा खटका पडे. पुढचा फोटो काढायचा तर वर येऊन, हात कोरडे करून, झाकण उघडून फिल्म सरकवावी लागे. "एक बुडी, एक फोटू," हा त्यांचा नियम होता आणि तो ते मोठ्या दिमाखात सांगत, जणू नियम त्यांनीच केला होता, डब्याने नाही.

पाण्याखाली उजेड कुठून आणायचा? तर माझ्याकडून. न्हाव्याकडून आणलेला आरसा घेऊन मी वरच्या पायरीवर बसायचं आणि उन्हाचा कवडसा मामूंच्या चौकटीत पाडायचा. भर दुपारी दुकान सोडून मी आरसा धरायला जातो हे आमच्या वडिलांना अजिबात पसंत नव्हतं. मलाही नव्हतं. ऊन डोक्यावर, हात अवघडलेला आणि खालून मामूंची बोलणी. "अप्पा, उजेड हालतोय! गोगलगाय बी तुझ्यापरीस थिर बसलीय!" दर वेळी मी ठरवायचो की पुन्हा यायचं नाही. पण ते पाण्यातून वर येत, दाढी निथळत असे, आणि खाली काय पाहिलं ते दम लागलेल्या आवाजात सांगू लागत, तेव्हा माझा राग कुठल्या कुठे जाई.

उतरण्याआधी ते ओंजळभर पाणी प्यायचे. बिस्मिल्ला म्हणायचे, ओंजळ डोळ्यांना लावायची, मग प्यायची. पाणी होतंही तसंच, तळाची खापरी दिसेल इतकं नितळ. घागर भरायला आलेली काशीआत्या दर वेळी सांगायची, "आमच्या बारवेवानी निवळ पानी आख्ख्या तालुक्यात न्हाय." ही गावातली वयस्क बाई. तिचं घर बारवेला सगळ्यात जवळ, म्हणून बारव आपल्याच मालकीची आहे असं तिला वाटे. मामूंना ती कधी गुळाचा खडा द्यायची, कधी चार शब्द ऐकवायची. त्याच गावात दर उन्हाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या पायातून नारू निघायचा. दोऱ्यासारखा लांब जंत, काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्महिने अंथरुणाला. त्याचा या नितळ पाण्याशी काही संबंध असेल असं ना आत्याला वाटलं, ना मामूंना, ना मला.

एका उन्हाळ्यात मामूंचा सगळ्यात सुंदर फोटो आला. आरशाचा कवडसा पाण्यात पडला की त्या उजेडात पांढुरके ठिपके गोळा होत. नुसत्या डोळ्यांना धुळीचे कण वाटावेत असे, पण टुणकन उडी मारणारे. त्यातला एक नेमका चौकटीत सापडला. मोठा करून छापल्यावर दिसला तो पेरूच्या बीसारखा जीव, एकच डोळा, आणि शेपटीशी अंड्यांच्या दोन पिशव्या लटकलेल्या. मामूंनी तो फोटो स्टुडिओत नवरानवरीच्या फोटोंच्या वर टांगला. "माझी लेकुरवाळी," म्हणायचे.

त्याच उन्हाळ्यात त्यांच्या घोट्याला फोड आला. आग आग व्हायची. बारवेच्या पाण्यात पाय सोडला की थंड वाटे, म्हणून ते फोटो नसले तरी जाऊन बसू लागले. शेवटी मीच त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर पट्टी बांधत होते आणि मामू, पाय राहिला बाजूला, पिशवीतून लेकुरवाळीचा फोटो काढून त्यांना दाखवत होते. डॉक्टरांचा हात थांबला.

"हा कुठं मिळाला?"

"आमच्या बारवेत. हाय का न्हाय खूबसूरत?"

"मामू, तुमच्या पायात निघतोय तो नारू ह्याच्याच पोटातून माणसाच्या पोटात जातो," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी सावकाश समजावलं. नारूचा फोड पाण्यात बुडाला की जंत आपली पिलं पाण्यात सोडतो, ती हा ठिपका गिळतो, आणि ठिपक्यासकट पाणी माणूस पितो. वर्षाने पायाला फोड. उपाय दोनच. पाणी गाळून प्यायचं, आणि बारवेच्या पायऱ्या भिंत घालून बंद करायच्या. वरून रहाटाने पाणी ओढायचं. कुणाचाही पाय पाण्याला लागता कामा नये.

"कुणाचाबी?" मामूंनी विचारलं.

"कुणाचाही."

मामूंनी दोन दिवस स्टुडिओ उघडला नाही. मी दाराशी जाऊन आलो, तर आत डब्यापुढे बसून होते. पायऱ्या बंद म्हणजे बुडी बंद, हे सांगायला माझी तरी जीभ रेटली नाही. जगात या माणसाला दुसरा शौक नव्हता. शेवटी तेच आमच्या दुकानात आले. "चल अप्पा, गाववाल्यांना सांगाया पायजे. डॉक्टरचं ऐकनार न्हाईत, फोटूचं ऐकतील."

फोटोचंही कुणी ऐकलं नाही. मामूंनी हौसेने तो ताटाएवढा करून आणला होता. चावडीवर टांगला तर लोक हसायला लागले. "एवढाला किडा घागरीत आला तर दिसायचा न्हाय व्हय? मामू, कुठल्या समुद्रातला फोटू आनला?" मामूंनी काशीआत्याच्या घागरीतलं पाणी काचेच्या पेल्यात घेतलं, उन्हात धरलं, आणि मला मागून आरशाचा कवडसा टाकायला लावलं. ठिपके उडू लागले. "ह्योच हाय त्यो. म्या त्याला फुगवलाय."

हसणं थांबलं, पण वाडवडिलांच्या पायऱ्या बुजवायला कोण तयार होणार? एक जण म्हणाला, "गाळून पिऊ की मग. पायऱ्यांनी काय केलंय?" तेव्हा मामू खाली बसले आणि पायाची पट्टी सोडू लागले. फोडातून दोऱ्याचं टोक बाहेर आलं होतं, काडीला गुंडाळलेलं.

"हा पाय घेऊन म्या तुमच्या पान्यात बसत होतो," ते म्हणाले. "पुढच्या साली तुमच्या घरात नारू निघाला, तर त्यो माझ्याकडनं आलेला आसंल, आत्या."

मी मान खाली घातली. आता यांना शिव्या बसतात की मार, एवढंच मला कळत नव्हतं. काशीआत्या उठली, वाकून त्यांचा पाय बघितला आणि म्हणाली, "आमी बी उतरतोच की, मामू. तुमच्या एकट्याचा पाय न्हाय त्यो." मग गावाकडे वळून, "घाला भित्ताड."

भिंतीचा पहिला दगड मामूंनी लंगडत लंगडत आणून ठेवला. गवंडी कामाला लागले तसा मी त्यांच्या कानात म्हटलं, "मामू, बरे झालात की बंद व्हायच्या आत एकदा उतरून घ्या. कोण बघतंय?" ते माझ्याकडे असे बघत राहिले की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

भिंत पुरी झाली, पायाची जखम भरली, आणि पाऊसकाळ सरल्यावर एके दुपारी मामू म्हणाले, जाऊन येऊ. डबा घेतला नव्हता. काशीआत्या रहाटावर पाणी ओढत होती. भिंत झाली तरी आधीचे ठिपके पाण्यात आहेतच, म्हणून गाळणं चालू ठेवा असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आत्याच्या घागरीवर फडकं नव्हतं. मामू तिच्यावर ओरडले नाहीत. आमच्या दुकानातली मलमल मी सोबत आणली होती, ती त्यांनी दुहेरी करून घागरीच्या तोंडावर बांधली आणि स्वतः पाणी ओतलं.

पाणी खाली गेलं आणि कापडावर ते ठिपके राहिले. दहा-बारा असतील, उन्हात चमकणारे, त्यातली एक लेकुरवाळी, दोन पिशव्या लटकलेली. मामूंनी खिशातलं भिंग काढलं आणि कापडावर ओणवे होऊन बराच वेळ बघत राहिले. ज्यांच्यासाठी एवढी वर्षं त्यांनी दम कोंडला होता, ते आज चौकटीशिवाय, डब्याशिवाय, हाताच्या अंतरावर होते. मग त्यांनी कापड सोडलं, तापलेल्या दगडावर नेऊन उलटं झटकलं, आणि ओला डाग वाळेपर्यंत तिथेच उभे राहिले.

"प्या आत्या," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.